सहाव्या होडीची दुरुस्ती

खुनी कोण हे जिला माहीत नाही तिच्याकडून रहस्यमालिका लिहून घेणं म्हणजे शुद्ध आचरटपणा, असं तळटीपबाईंचं मत होतं. आणि हाच आचरटपणा त्या गेली अकरा वर्षं इमानेइतबारे करत आल्या होत्या. परदेशी मालिका आपल्या भाषेत आणायची, पात्रांच्या ओठांच्या मापाचे संवाद लिहायचे, हे त्यांचं काम. भाग यायचा आठवड्याला एक. पुढे काय आहे असं विचारलं की वितरकाकडून ठरलेलं उत्तर यायचं: गोपनीय आहे, तुम्हाला गरज नाही. डोळे बांधून सुईत दोरा ओवायला सांगायचं आणि वर म्हणायचं, जरा लवकर करा.

तळटीप हे नाव स्टुडिओनं ठेवलेलं. त्यांना मिळालेली पहिलीच मालिका अशी, की तिच्यातला गुप्तहेर पाणी मागतानाही कुठल्यातरी कवीची ओळ म्हणायचा. बाईंनी प्रत्येक ओळीचा अनुवाद केला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं की हा कवी अमुक काळातला, ही ओळ तिकडे पोरांकडून शाळेत पाठ करून घेतात, तेव्हा इथे ती टोमणा म्हणून आली आहे. स्टुडिओच्या मालकांनी ते कागद वाचले आणि शांतपणे विचारलं, "बाई, ही तळटीप पडद्यावर लावू कुठे? गुप्तहेराच्या बुटावर?" त्या दिवसापासून त्या तळटीपबाई झाल्या. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं. मालिकेच्या शेवटी नावांची यादी सरकते तिच्यात तर ते कधीच नव्हतं.

त्याआधी त्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. ही सवय एकदा लागली की सुटत नाही. लग्नपत्रिका हातात आली तरी त्यांचं लक्ष आधी चुकीकडे जायचं, मग नवरानवरीकडे.

घरात त्या आणि त्यांचे बाबा, दोघंच. बाबा त्याच छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवून पानं बांधणारे. अडतीस वर्षं उलटी अक्षरं वाचण्यात गेली आणि नंतर काचबिंदूनं डोळेच गेले. पण बाबांनी रडगाणं गायलं नाही. त्यांनी सगळं मोजून ठेवलं. पलंगापासून मोरी अकरा पावलं, दारापासून जिना सात, तिसऱ्या मजल्यावरून खाली रस्त्याला लागेपर्यंत चोपन्न पायऱ्या. आकडे पाठ होते तोवर बाबांना कुणाचा हात धरावा लागत नव्हता, आणि हात धरणं त्यांना मुळीच खपत नसे.

दोन महिन्यांपूर्वी मात्र आकडा चुकला. दूध घेऊन वर येताना ते दुसऱ्याच मजल्यावर थांबले, तिथली बेल वाजवली, आणि दार उघडणाऱ्या शिंपीणबाईंशी भांडले की तुम्ही माझ्या घरात काय करताय. शिंपीणबाई भल्या, त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं आणि तळटीपबाईंना फोन केला. एवढंच झालं. पण ते धाकट्या भावाच्या कानावर गेलं, आणि भाऊ म्हणजे दूर राहून काळजी करण्यात तरबेज. "ताई, हे लक्षण बरं नाही," तो म्हणाला. "विसरायला लागलेत ते. चांगल्या संस्था आहेत, चोवीस तास माणूस असतो. तू आधी डॉक्टरांना दाखव. डॉक्टर म्हणाले तर आपण ठरवून टाकू." ठरवून टाकू, हे त्यानं असं म्हटलं जणू जुनं कपाट काढायचं आहे. डॉक्टरांची वेळ मिळाली ती जवळजवळ दोन महिन्यांनंतरची, एका मंगळवारची.

बाबांना सगळं कळलं होतं. आंधळ्या माणसाच्या घरात फोनवर हळू बोलून काही उपयोग नसतो. त्यांनी वाद घातला नाही. फक्त नव्या मालिकेचा पहिला भाग ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तो पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. कोण काय म्हणालं, दार कधी वाजलं, कोण खोकलं, सगळं. मग म्हणाले, "बघ. कुठे काय विसरलोय?"

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी हे चालू झालं. तळटीपबाईंनी समोर बसायचं, हातात स्वतःचे कागद धरायचे आणि तपासायचं. बाबा चुकत नव्हते. बाईंनाच कधीकधी वाटायचं की आपण हे वाक्य खरंच असं लिहिलंय का, आणि कागदात बघावं तर बाबा बरोबर. एकच अट होती. पुढचं काही सांगायचं नाही. कामाबद्दल अवाक्षर नाही. खुनी आपला आपण शोधायचा, नाहीतर ऐकण्यात राम नाही, असं त्यांचं म्हणणं.

मालिका होती एका बंदराच्या गावातली. बोटींच्या म्हाताऱ्या मालकाचा खून होतो, आणि लंगडणारा इन्स्पेक्टर आठ भागांत खुनी शोधतो. तोही कविताप्रेमीच निघाला, बाईंच्या कपाळी तेच लिहिलेलं. दुसऱ्या भागात हा इन्स्पेक्टर गावातल्या औषधवाल्याकडे खोकल्याचं औषध घ्यायला जातो. औषधवाला डोंगराकडचा, समुद्र कधी जवळून पाहिला नाही असं सांगणारा, गोड बोलणारा. बाटलीत औषध ओतताना तो सहज दोन ओळी गुणगुणतो. तिकडच्या एका जुन्या कवीच्या.

आता दुसरं कुणी असतं तर दोन ओळी उरकून पुढे गेलं असतं. तळटीपबाई अर्धा दिवस वाचनालयात बसल्या. धूळ खात पडलेल्या एका संग्रहात मूळ कविता सापडली, आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मालिकेत औषधवाला म्हणत होता, पाच होड्या परतल्या. कवितेत होत्या सहा. म्हणजे एवढी मोठी मालिका काढणाऱ्यांनी कविता चुकीची घेतली होती, आणि ती चूक पकडली कुणी, तर हजारो मैल लांब बसलेल्या एका माजी मुद्रितशोधक बाईनं. त्यांनी दुरुस्ती केली.

सात निघाल्या पहाटे होड्या, सहा परतल्या सांजेला,
कोण राहिले मागे, पुसतो किनारा आल्यागेल्याला.

रेकॉर्डिंगच्या वेळी रेकॉर्डिस्टनं काच वाजवली. "बाई, तिथे त्याचे ओठ मिटतायत. सहाला मिटत नाहीत. पाच करा, चपखल बसेल." त्याला कवितेशी देणंघेणं नव्हतं, तो नुसते ओठ बघत होता.

"मिटू देत ओठ," बाई म्हणाल्या. "कविता चुकतेय. सहाच."

"लोक बघतात हो ओठ."

"लोकांचं मला सांगू नका. मूळ पुस्तक बघून आलेय मी."

औषधवाल्याला आवाज देणारे गृहस्थ पूर्वी बातम्या वाचायचे. जे दिलं ते वाचायचं, हा त्यांचा धर्म. त्यांनी सहा म्हटलं आणि ते घरी गेले. सोमवारी बाबांनी त्या दोन ओळी चालीवर म्हणून दाखवल्या. "छान जमल्यात," ते म्हणाले. बाईंच्या ओठांवर आलं होतं की बाबा, मूळ लिहिणाऱ्यांची चूक काढली मी तिथे. पण अट होती, म्हणून त्या गप्प बसल्या. अकरा वर्षांत कुणी पाठ थोपटली नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःची थोपटून घेतली.

आठव्या भागाचे कागद आले ते सोमवारी दुपारी. तळटीपबाई डबा उघडून वाचत बसल्या होत्या. सोळाव्या पानावर त्यांचा हात थांबला, आणि मग डबा तसाच राहिला.

सोळाव्या पानावर इन्स्पेक्टर औषधवाल्याला सांगत होता: "ती कविता जगात सगळीकडे सहा होड्यांची आहे. फक्त एका बेटावर पाच म्हणतात. त्या बेटाच्या दोन होड्या एका वादळात बुडाल्या. याच खून झालेल्या मालकानं वादळ दिसत असताना पाठवल्या होत्या. तिथल्या मास्तरांनी त्यानंतर मुलांना कधी सहा शिकवलं नाही. तुम्ही त्या दिवशी पाच म्हणालात. समुद्र न पाहिलेला माणूस पाच कसं म्हणेल?"

बाईंनी पान उलटलं, परत मागे आणलं, पुन्हा वाचलं. मूळ लिहिणाऱ्यांनी चूक केलीच नव्हती. चूक औषधवाल्यानं केली होती, जन्मात एकदाच, आणि तिच्यावरच सगळी मालिका उभी होती. ती चूक बाईंनी पुसली होती, लाल शाईनं, प्रेमानं, स्वतःचं कौतुक करत. खुन्याला फासावरून सोडवणारी मुद्रितशोधक. कपाळावर हात मारून घ्यायचंही त्यांना सुचेना.

मालकांच्या खोलीत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. मालकांनी ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"मग शेवट बदला. रुमाल सापडला म्हणा. बोटांचे ठसे म्हणा."

"चित्रात शाळा दाखवलीय. भिंतीवर पाच होड्या रंगवल्यात. इन्स्पेक्टर एकेक होडीवर काठी टेकवून मोजतो. तिथे रुमाल कुठून आणू?"

"बरं. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला मागच्या भागांची झलक असते. तिच्यात औषधवाल्याच्या या ओळी आहेत ना?"

"आहेत."

"मग तिथे पाच करून टाका. झालं. काम फत्ते."

"पण दुसऱ्या भागात लोकांनी सहा ऐकलंय."

मालक हसले. "बाई, काल रात्री काय जेवलो ते लोकांना आठवत नाही. सहा आठवड्यांपूर्वीचा आकडा कोण लक्षात ठेवतंय?"

तळटीपबाईंना एक माणूस माहीत होता. दुर्दैवानं तो त्यांच्याच घरात राहत होता.

त्यांनी खूप डोकं आपटलं. झलकेच्या आधी एक ओळीचा खुलासा टाका म्हणाल्या. दुसरा भाग दुरुस्त करून पुन्हा दाखवा म्हणाल्या. मालकांनी हात जोडले. "तळटीप नको बाई. पाया पडतो." बुधवारी बातम्यांवाले गृहस्थ एका शब्दासाठी आले. पाच म्हणाले, चार वेळा, वेगवेगळ्या सुरांत. रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून अंगठा दाखवला. "आता ओठ जुळले," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण बाईंना त्याचा गळा दाबावासा वाटला.

उरलेला आठवडा त्यांनी तव्यावर बसल्यासारखा काढला. पुढचं सगळं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. रविवारी बाबा झलक ऐकणार, त्यात पाच ऐकणार. आपण सहा ऐकलं होतं असं त्यांना आठवणार. टीव्ही चुकला असं त्यांना वाटणार नाही, कारण टीव्हीवरचे संवाद मुलगी लिहिते आणि मुलगी चुकत नाही. मग चुकलं कोण? आणि त्यानंतर दोन दिवसांनी मंगळवार.

आधीच सांगून टाकावं म्हणून त्यांनी गुरुवारी तोंड उघडलं. "बाबा, त्या मालिकेत ना," एवढंच बोलल्या, तर बाबांनी बोट वर केलं. "एक शब्द नको. माझं जवळजवळ ठरलंय. दोघांवर संशय आहे. रविवारपर्यंत गप्प बस." शुक्रवारी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बोट. शनिवारी त्यांनी प्रयत्नच केला नाही. खरं सांगायचं तर बोट हे निम्मंच कारण होतं. उरलेलं निम्मं कारण म्हणजे लाज. बाबांनी त्यांना छापखान्यात आणलं तेव्हा पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती: मूळ प्रतीला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं. लेखक मूर्ख वाटला तरी विचारायचं. त्या बाबांना काय तोंडानं सांगायचं की प्रश्नचिन्ह काढायला मी विसरले, कारण मला शहाणं ठरायचं होतं.

रविवारी संध्याकाळी बाबा नेहमीप्रमाणे पाच मिनिटं आधी खुर्चीत येऊन बसले. इस्त्रीचा सदरा घातला होता. मांडीवर हात, मान जराशी तिरकी, उजवा कान टीव्हीकडे. तळटीपबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. बसवत नव्हतं.

झलक सुरू झाली. बोटी, पाऊस, म्हाताऱ्याचं प्रेत, लंगडणारी पावलं. मग बाटलीत औषध ओतल्याचा आवाज आणि बातम्यांवाल्यांचा गोड सूर. सात निघाल्या पहाटे होड्या, पाच परतल्या सांजेला.

बाबांची मान सरळ झाली.

"पाच?" ते म्हणाले. बाईंना नाही, स्वतःलाच. मग त्यांचा उजवा हात मांडीवर हलायला लागला. अंगठा एकेका बोटावर टेकत होता, जिना उतरताना टेकायचा तसा. ओठ हलत होते. ते दुसरा भाग पहिल्या वाक्यापासून म्हणत होते. औषधवाल्याच्या दुकानापर्यंत आले, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. टीव्हीवर शेवटचा भाग चालू झाला होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मला सहा आठवतंय," ते अगदी हळू म्हणाले. "इतकं स्पष्ट आठवतंय, आणि ते नव्हतंच." मग म्हणाले, "भावाला सांग, तो म्हणतो ते खरं आहे."

तळटीपबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"सहाच होतं, बाबा."

"उगाच समजूत काढू नकोस."

"समजूत नाही. दुसऱ्या भागात सहाच होतं. मूळ मालिकेत पाच होतं, मला वाटलं ती त्यांची चूक, म्हणून मी सहा केलं. चूक नव्हती ती. आता शेवटी अडलं म्हणून आज गुपचूप परत पाच केलं. तुमचा कान बरोबर आहे. डोकंही बरोबर आहे. माझं चुकलं."

पडद्यावर इन्स्पेक्टर मुक्यानं ओठ हलवत होता. बाबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती विचार करत होती, आणि बाई वाट बघत होत्या.

"म्हणजे त्याची चूक हाच पुरावा," बाबा म्हणाले. "म्हणजे औषधवाला."

"हो."

"माझा संशय बोटीवरच्या स्वयंपाक्यावर होता. आणि औषधवाल्यावर. आज ठरवणार होतो." त्यांचा आवाज चढला. "आठ आठवडे बसलो इथे. शेवटच्या दिवशी, शेवटच्या घटकेला तू मला नाव सांगून टाकलंस."

"बाबा, तुम्ही म्हणालात की भावाला सांग..."

"मी काय म्हणालो ते मला पाठ आहे. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हे तुला कुणी शिकवलं होतं?"

"तुम्ही."

"समासात काय काढायचं?"

"प्रश्नचिन्ह."

"काढलंस?"

"नाही."

"बंद कर तो टीव्ही. आता काय डोंबल बघायचंय त्यात."

त्यांनी टीव्ही बंद केला. चोपन्न वर्षांची बाई, पण शाळेतल्या मुलीसारखी तिला बोलणी खावी लागली, आणि ती चांगली तासभर चालली. रागही येत होता. मालकांचा, रेकॉर्डिस्टचा, गोपनीय म्हणणाऱ्या वितरकाचा, ज्यानं आधी एक ओळ कळवली असती तर हे काही झालंच नसतं. स्वतःचा तर सगळ्यात जास्त. बोलून दमल्यावर बाबा उठले. पावलं मोजत मोरीपर्यंत गेले, आणि तिथून बाईंना ऐकू आलं, बाबा तोंड धुताना चालीवर म्हणत होते, सहा परतल्या सांजेला. दोनदा म्हटलं. सहावर जरा जास्त जोर होता.

सोमवारी सकाळी दूध आणायला गेलेले बाबा पाऊण तासानं परतले. कारण दुसऱ्या मजल्यावर ते मुद्दाम थांबले होते, बेल वाजवून, आणि शिंपीणबाईंना त्यांनी सगळी हकीकत सांगितली होती. मग तळमजल्यावरच्या घड्याळजींना. मग दूधवाल्याला. एवढ्या मोठ्या मालिकेत चूक झाली, ती आपल्या घरात झाली, आणि साऱ्या जगात ती एकट्या आपल्याला ऐकू आली. संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळ्यांना माहीत झालं. अकरा वर्षांत बाईंचं नाव कधी पडद्यावर आलं नव्हतं. आता ते जिन्याजिन्यावर पोचलं होतं, चुकीसकट. घड्याळजींनी तर येताजाताना विचारलं, "काय बाई, होड्या किती आल्या परत?"

मंगळवारी डॉक्टरांनी बाबांना समोर बसवलं. छापील कागद पुढ्यात ओढला. आज वार कोणता, महिना कोणता, हे झालं. मग डॉक्टर म्हणाले, "आजोबा, अलीकडची एखादी गोष्ट सांगा. आठवतंय तेवढी. घाई नाही."

बाबा सरसावून बसले. दुसऱ्या भागापासून सुरुवात केली. औषधाचं दुकान, गुणगुणणं, दोन ओळी चालीसकट. मग शेवटचा भाग, मग पाच, मग मुलीनं काय केलं, का केलं, आणि मूळ प्रतीचा नियम काय असतो. डॉक्टरांची लेखणी थांबली होती. बाबांचं संपल्यावर त्यांनी बाबांच्या डोक्यावरून मागे बसलेल्या तळटीपबाईंकडे बघितलं. असली गोष्ट म्हातारी माणसं रचून सांगतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक असावं.

"हे असं खरंच झालंय?" त्यांनी विचारलं.

बाबांनी फक्त मान जराशी तिरकी केली, उजवा कान मागे.

"हो," तळटीपबाई म्हणाल्या. "शब्दन् शब्द. त्यांना सगळं बरोबर आठवतंय. चूक माझी आहे. तुमच्या त्या कागदावर तसं लिहा."